प्रार्थनेला उत्तरच येत नाही, मग देवावर विसंबून निर्णय घ्यायचा तो कसा?

डावं पान यांचा प्रश्न

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे पती जाऊन चौदा महिने झाले. लग्न झाल्यापासून आमची दोघांची एक वही होती. डाव्या पानावर विनंती, तारीख घालून. उजव्या पानावर उत्तर, मिळेल तेव्हा. डावी पानं बहुतेक मी लिहायचे, उजवी ते लिहायचे. घर बदलणं, मुलीचं आजारपण, माझी नोकरी, सगळं त्या वहीतून गेलेलं आहे. ते गेल्यावरही मी वही बंद केली नाही. चौदा महिन्यांत अकरा डावी पानं भरली. उजव्या बाजूला एक ओळ नाही.

आता ऑफिसातून बढती देऊ केली आहे, पण दुसऱ्या शहरात. महिनाअखेरपर्यंत होय की नाही ते कळवायचं आहे. मुलीचं पुढचं शिक्षण डोळ्यांपुढे आहे, त्यामुळे पैशाची गरज खरी आहे. पण सासरे माझ्याजवळ असतात. आम्ही सगळे त्यांना पप्पा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू कमजोर आहे, बोलणं जवळजवळ गेलंय. या घरात मात्र ते भिंत धरून, दाराची चौकट धरून सगळीकडे फिरतात. नव्या घरात त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल. नणंद म्हणते, मी ठेवून घेते. त्यांना न्यावं, नणंदेकडे ठेवावं, की मीच जाऊ नये?

चाळीस दिवस ठरवून पहाटे उठून प्रार्थना केली. नीतिसूत्रे ३:५-६ लहानपणापासून पाठ आहे, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नको म्हणून. मग अवलंबून राहायचं ते कशावर? मला काहीच ऐकू येत नाही. प्रार्थनासभेत एकांनी सांगितलं की घरात कबूल न केलेलं पाप असेल, म्हणून देव गप्प आहे. त्या रात्री मी झोपले नाही. पतीच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्यावर दोनदा चिडले होते, तेच पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

तुमच्यापैकी जे देवाला वाटाड्या आणि सोबती मानून रोज चालतात, त्यांना विचारते आहे. तुम्हाला कळतं कसं? जसं असेल तसं सांगा. गोड बोलून समजूत काढू नका.

भरवसा यांचं उत्तर

ताई, तुमच्यासाठी प्रार्थना केली. माझी साक्ष सांगतो. सहा वर्षांपूर्वी माझ्यापुढेही असाच पेच होता. मी प्रभूला म्हटलं, तू दार उघड, मी जातो. तू बंद कर, मी थांबतो. तीन दिवसांत एक दार असं बंद झालं की शंकेला जागाच उरली नाही. तुम्हीही एक खूण मागा आणि मुदत ठरवून मागा. शास्त्रातल्या गिदोनाने लोकर जमिनीवर ठेवून, दव फक्त तिच्यावरच पडू दे, अशी खूण मागितली होती. देवाने त्याला रागे भरलं नाही.

अर्धं पाऊल मागे यांचं उत्तर

ताई, हे मी बोलणाऱ्या फोनवर लिहितो आहे. शब्द इकडचे तिकडे झाले तर समजून घ्या. मला दिसत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसा नावाचा आजार आहे. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं, मग नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरतं आणि शेवटी तेही पुसट होतं. चौतिसाव्या वर्षी मी पांढरी काठी हातात घेतली. आज वय त्रेसष्ट.

पापाचं आधी बोलतो, कारण ती चौकशी माझ्याही दाराशी येऊन गेली आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही आणि त्यांनीही नाही. मला हा प्रश्न चांगल्या चांगल्या माणसांनी तोंडावर विचारला. मी वर्षभर स्वतःला खणत बसलो होतो. पतीवर दोनदा चिडलात, ते प्रभूला सांगून टाका आणि तिथेच ठेवा. आजाऱ्याची सेवा करणारं माणूस थकतं आणि चिडतं. त्यासाठी तो चौदा महिने तोंड फिरवून बसत नाही.

आता वाटाड्याचं. हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून लिहायला बसलो, कारण मी दररोज कुणाच्या तरी आधाराने चालतो.

न दिसणाऱ्याला न्यायची एक रीत आहे. लोक प्रेमाने येतात आणि माझा दंड धरून मला पुढे ढकलतात, किंवा काठीचं टोक धरून ओढतात. दोन्ही चुकीचं. ढकलला गेलेला माणूस आपल्या वाटाड्याच्या आधी खड्ड्यात पडतो. खरी रीत अशी की वाटाड्या नुसता उभा राहतो आणि मी त्याचा हात कोपराच्या जरा वर धरतो, अंगठा बाहेरून, बोटं आतून. मग मी त्याच्या अर्धं पाऊल मागे चालतो. रस्ता उतरला की त्याचं शरीर खाली जातं, ते माझ्या बोटांना कळतं. जिना आला की तो थबकतो, ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढंच म्हणतो आणि एक पायरी पुढे राहतो. वाट अरुंद झाली की तो कोपर स्वतःच्या पाठीमागे नेतो. मी काही न विचारता त्याच्या बरोबर मागे येतो. खांबाला, दाराला आधी त्याचा खांदा लागतो.

नकाशा कुणीच सांगत नाही. तो सांगून उपयोगही नसतो.

पण हे मला शिकायला दोन वर्षं लागली. सुरुवातीला मी बायकोचा हात धरायचो आणि पावलं मोजायचो. घरापासून मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दारापर्यंत दोनशे बारा. एकशे चाळीसला डावीकडे, एकशे नव्वदला पायरी. रविवारी सकाळी निघालो की तोंड मिटून मोजणी सुरू. ती काही बोलली की आकडा चुकायचा आणि मी चिडायचो. एका रविवारी तिने विचारलं, ‘तुम्हाला मी हवी आहे की रस्ता?’ मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षं ती शेजारी चालत होती आणि मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

निर्गमच्या तेहेतिसाव्या अध्यायात हाच प्रसंग आहे. सोन्याच्या वासराचं प्रकरण झाल्यावर देव मोशेला सांगतो, देशाला जा, मी पुढे दूत पाठवतो, शत्रूंना घालवून देतो, दुधामधाचा देश तुमचाच. पण मी स्वतः तुमच्यामधून येणार नाही. नीट बघा, त्यात मार्गदर्शन आहे, रक्षण आहे, पोचण्याची हमी आहे. फक्त तो नाही. ते ऐकून लोक शोक करतात आणि मोशे म्हणतो, तू स्वतः येणार नसशील तर आम्हाला इथून नेऊच नकोस. मी त्या जागी असतो तर दूत घेऊन निघालो असतो, कारण मला रस्ता हवा होता.

तुम्ही चाळीस पहाटे एकच प्रश्न घेऊन बसलात. तो चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण विचारतो, त्या चाळीस दिवसांत त्याच्याशी दुसरं काही बोललात का? पतीबद्दल? ते दोनदा चिडणं? पप्पांना उचलताना तुमची पाठ दुखते ते? बढतीचं आपल्याला आतून बरं वाटलं होतं का, तेही त्याला सांगितलं का?

मोजणी सोडली तेव्हा मला काय कळलं ते थोडक्यात लिहितो. रस्ते चुकले नाहीत असं नाही. एकदा दोघंही भलत्याच गल्लीत शिरलो. पण त्या दिवशी आम्ही बोलत होतो.

ओंजळ यांचं उत्तर

काकांनी लिहिलेलं दोनदा वाचलं. मी मंडळीत समुपदेशनाचं काम करते. दोन-तीन गोष्टी जोडते, थोड्या कोरड्या वाटतील.

भरवसा दादा, तुमची साक्ष मला खरी वाटते. देव दार बंद करतो हे मीही पाहिलं आहे. पण गिदोनाची लोकर ताईंच्या हातात द्यायला मी धजणार नाही. शास्ते ६ मध्ये देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, ‘जा, मी तुला पाठवत आहे.’ लोकर त्यानंतरची आहे. त्याची भीती सांभाळून घेण्यासाठी देवाने ते चालवून घेतलं. ताईंना ‘जा’ असं कुणी सांगितलेलंच नाही. चिठ्ठ्या टाकण्याचंही तसंच. मत्थियाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या, पण पवित्र आत्मा उतरल्यानंतरच्या प्रेषितांच्या कृत्यांत तसा निर्णय पुन्हा कुठे दिसत नाही. त्याऐवजी माणसं एकत्र बसतात, वाद घालतात, साक्षी ऐकतात आणि पंधराव्या अध्यायातल्या पत्रात लिहितात की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं. ‘आम्हाला’ हा शब्द तिथे लिहायला ते कचरले नाहीत.

सोळाव्या अध्यायात पौलाची वाट बघा. आत्मा आशिया प्रांतात वचन सांगू देत नाही, बिथुनियात जाऊ देत नाही. त्रोवसला पोचेपर्यंत त्याच्याजवळ फक्त दोन नकार आहेत. मग रात्री दृष्टान्त होतो, मासेदोनियातला माणूस विनवतो, आणि तरीही पुढचं वाक्य अनेकवचनी आहे: देवाने आपल्याला बोलावलं आहे असं आम्ही ठरवलं. आणि जिथे बोलावलं त्या फिलिप्पैत काय झालं? फटके, तुरुंग, पाय खोड्यात. योग्य वाट असली की सगळं सुरळीत होतं, हा समज मनातून काढून टाका ताई. नाहीतर उद्या नव्या शहरात पहिली अडचण आली की तुम्हाला वाटेल, निर्णय चुकला.

दुसरं, दुःखाबद्दल. पुढे येशूसंघ (जेज्युइट) स्थापन करणाऱ्या इग्नेशियस लोयोला यांना १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा पायाला लागला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी स्वतःच्या विचारांवर पाळत ठेवली. काही विचार येताना गोड असत, पण गेल्यावर मन सुकं ठेवून जात. काही गेल्यावरही समाधान मागे राही. पुढे त्यांनी यावर नियम लिहिले. त्यातला एक मी समुपदेशनात नेहमी सांगते: मन उजाड असताना आधीचा ठाम निर्णय बदलू नये. चौदा महिने म्हणजे अजून उजाडच. तुम्ही निर्णय घेऊ नका असं नाही, मुदत वाढवून मागता येते का ते बघा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं आणि मध्ये झोपू दिलं. बोलणं झालं ते चाळीस दिवस चालून होरेबावर पोचल्यावर. तुम्ही रोज किती तास झोपता?

आणि एक साधी गोष्ट, जी तुमच्या पूर्ण प्रश्नात मला सापडली नाही. पप्पांना विचारलंत का? बोलता येत नाही म्हणजे मत नाही असं नव्हे.

वहीबद्दलही एक. जुनी उजवी पानं उघडा आणि तारखा बघा. विनंती कधीची, उत्तर कधीचं.

डावं पान यांचं उत्तर

तुम्हा तिघांचे आभार. भरवसा दादा, तुमच्या प्रार्थनेसाठी विशेष.

ओंजळ ताई, झोप चार तास. पप्पांना विचारलं नाही. हे लिहिताना लाज वाटते आहे. त्यांच्याबद्दल सगळ्यांशी बोलले, नणंदेशी, भावाशी, पाळकांशी. त्यांच्याशीच नाही.

काका, तुमचं लिहिणं वाचून रडले. पण एक विचारते, उद्धटपणा समजू नका. तुमच्या हातात कोपर असतं. खरं, हाडामांसाचं, ऊब असलेलं. तुम्हाला वाटाड्या थबकलेला कळतो. माझ्या हातात काय आहे? मी हात पुढे करते आणि तिथे काहीच लागत नाही. माझं कोपर म्हणजे माझे पती होते असं आता वाटतं. देवावर विसंबून आहे असं म्हणत मी कदाचित त्यांच्यावरच विसंबून होते. उजवं पान तेच लिहायचे ना. मला ते लिहिताच येत नसेल तर?

अर्धं पाऊल मागे यांचं उत्तर

उद्धटपणा कसला. हा प्रश्न तुम्ही विचारला नसतात तर माझं आधीचं उत्तर अर्धंच राहिलं असतं. चार दिवस मनात घोळवत होतो.

माझी बायको जाऊन आता तीन वर्षं होतील. आधीच्या उत्तरात लिहिलं नाही, कारण तिथे ती मला चालतीबोलती हवी होती. तेव्हा रिकाम्या जागेत हात पुढे करणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

त्या शिकवणीतला एक नियम तुम्हाला सांगायचा राहिला. वाटाड्याला कधी कधी दूर जावं लागतं. तिकीट काढायचं असतं, कुणाला भेटायचं असतं. अशा वेळी न दिसणाऱ्याला मोकळ्या जागेत उभं करून जायचं नाही, हा पक्का नियम. मोकळ्या जागेत दोन मिनिटांत दिशा हरवते. आपण कुठे तोंड करून उभे आहोत तेही कळेनासं होतं आणि छाती धडधडायला लागते. म्हणून वाटाड्या आधी त्याला भिंतीपाशी नेतो, नाहीतर खांबापाशी, खुर्चीपाशी, आणि त्याचा हात त्यावर ठेवतो. मगच जातो. हाताला भिंत असली की माणूस तासभरही उभा राहू शकतो.

देव दूर जातो असं मी म्हणणार नाही, तसं वचन नाही. मत्तय येशूला पहिल्याच अध्यायात इम्मानुएल म्हणतो, आमच्याबरोबर देव, आणि शुभवर्तमान संपवतो ते येशूच्या शब्दांवर, युगाच्या समाप्तीपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. पण तो दूर गेल्यासारखं वाटतं, हे त्याच्या फार जवळच्या माणसांनाही वाटलं. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या. २००७ मध्ये त्यांची पत्रं छापली गेली तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्या आतून अंधारात होत्या, देव जाणवत नव्हता, आणि तरी रोज पहाटे उठून कामाला लागत होत्या. पॅरिसच्या कार्मेली मठात स्वयंपाकघरात राबणारे बंधू लॉरेन्स भांडी घासतानाही देवाची सोबत अनुभवायचे, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण मठातली सुरुवातीची दहा वर्षं त्यांना फार जड गेली, हे त्यांनी स्वतः पत्रात लिहिलं आहे. ती दहा वर्षं सहसा कुणी सांगत नाही.

तर भिंत. बायको गेली तेव्हा माझी भिंत म्हणजे पाठ असलेली स्तोत्रं. माझ्याजवळ स्वतःचे शब्द नव्हते. फोनला सांगायचो, वाच. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मी कितीदा ऐकलं असेल. त्यात शेवटी उजेड होत नाही, अंधारातच संपतं. आणि तरी ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. म्हणजे अंधारात संपणारी प्रार्थनाही देवाने आपल्याजवळ ठेवून घेतली.

मग एकदा तेविसावं ऐकताना एक गोष्ट कानाला लागली. पन्नास वर्षं पाठ असून लक्षात आली नव्हती. हिरवी कुरणं, संथ पाणी, तिथे दावीद देवाला ‘तो’ म्हणतो. तो मला बसवतो, तो मला नेतो. मृत्युच्छायेची दरी आली की ‘तो’ जातो आणि ‘तू’ येतो. तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात असेपर्यंत तो देवाबद्दल बोलत होता, दरीत तो देवाशी बोलायला लागला. तुमचं इथलं लिहिणं देवाबद्दलचं आहे, ते बरोबरच आहे, आम्हाला सांगायचं तर तसंच सांगावं लागेल. पण ‘माझ्या हातात काहीच लागत नाही’ हे वाक्य त्यालाच सांगा, ‘तू’ म्हणून. मी तेच सांगायचो, कित्येकदा रागाने.

पतींबद्दल. ते तुमचं कोपर होते, हे खरंच असेल. त्यात तुम्ही देवाला फसवलं असं मला वाटत नाही. येशूने पवित्र आत्म्याचं वचन दिलं तेव्हा आपल्या मराठी शास्त्रात शब्द येतो ‘दुसरा कैवारी’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, हाकेसरशी बाजूला येऊन उभा राहणारा. तो बाजूला येतो तेव्हा पुष्कळदा कुणाच्या तरी अंगाने येतो. माझ्याकडे तो बायकोच्या अंगाने आला. आता शेजारचा एक मुलगा रविवारी येतो, त्याचं कोपर हाडकुळं आहे आणि तो फार भरभर चालतो. मला पहिले सहा महिने त्याचा राग यायचा, कारण तो ती नव्हता. हात बदलला की चाल नव्याने शिकावी लागते, ते कुणी सांगत नाही.

आणि तुम्हाला उजवं पान लिहिता येत नसेल असं म्हणालात. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं आठवा. ते गाव यरुशलेमपासून साठ स्टेडिया, म्हणजे अकराएक किलोमीटर. मेलेल्यांतून उठलेला येशू वाटेत त्यांना गाठून बरोबर चालला आणि त्यांना ओळखू आला नाही. ते त्यालाच सांगत होते की आम्ही आशा धरली होती. ओळखलं ते घरात, भाकर मोडताना. ‘वाटेत आपलं अंतःकरण पेटत नव्हतं का’ हे ते नंतर एकमेकांना म्हणतात. वाटेवर असताना त्यांनाही उजवं पान लिहिता आलं नसतं.

बढती घ्यावी की नाही, हे मला माहीत नाही. त्याबाबत मी काही सांगणार नाही.

भरवसा यांचं उत्तर

काका, ‘तो’ आणि ‘तू’चं मी आज घरच्या प्रार्थनेत वाचून दाखवलं. ताई, खुणेचं मी घाईने लिहिलं. माझं दार बंद झालं तेव्हा माझी बायको शेजारी होती, दोघांनी मिळून अर्थ लावला होता. ते मी सांगायला हवं होतं.

डावं पान यांचं उत्तर

उशीर झाला, क्षमा असावी. तुम्ही सांगितलंत त्यातलं काही केलं, ते सांगते.

शनिवारी दुपारी मुलगी बाहेर गेल्यावर वही काढली. उजवी पानं मी कधी सलग वाचलीच नव्हती. उत्तर आलं की ते लिहायचे आणि मला वाचून दाखवायचे, तेवढंच. ओंजळ ताई, तारखा बघितल्या. माझ्या नोकरीसाठीची विनंती आणि उत्तर यांत सात महिने. मुलीच्या आजारपणाच्या पानावर पाच नोंदी आहेत, पाच वेगवेगळ्या शाईंत. पहिल्या चार अशा: ‘आज ताप आहे.’ ‘आज ही रडली, मी गप्प बसलो.’ ‘डॉक्टर चांगले भेटले.’ ‘काही कळत नाही, तू आहेस.’ पाचवी, बरी झाल्याची. मला वाटत होतं ते उत्तरं लिहायचे. ते बहुतेक वेळा नुसतं काय झालं ते लिहायचे.

आणि नऊ उजवी पानं पूर्ण कोरी आहेत. त्यांच्या हयातीतली. त्यांनी पान उलटलं होतं आणि पुढचं लिहायला घेतलं होतं. मला ती नऊ पानं माहीतच नव्हती. मी त्या नऊ पानांवरून हात फिरवत बराच वेळ बसले.

मग पप्पांच्या खोलीत गेले. बढतीचं पत्र वाचून दाखवलं. सगळं सांगितलं, नणंदेचं म्हणणं, शाळेचं, पैशाचं, मला जावंसंही वाटतं हेही. ते ऐकत होते. मध्ये एकदा डोळे मिटले, मला वाटलं झोपले. मग त्यांनी डावा हात पुढे करून पत्र मागून घेतलं, उलटं सुलटं बघितलं, माझ्या हातात परत दिलं आणि माझी मूठ वरून दाबून धरली. याचा अर्थ जा असा की तूच ठरव असा, मला कळलं नाही. पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच केलं. मग आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली. एरवी त्यांच्या तोंडून चार शब्द निघत नाहीत, पण ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू केलं की ते पुढे म्हणत जातात, जीभ अडखळते पण थांबत नाही. हे दोन वर्षं रोज होतं. काका, तुमची भिंत वाचल्यावर मला त्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकू आलं.

रात्री डावं पान लिहिलं नाही. नुसती बोलले. ‘तू’ म्हणून. बरंच वाईट बोलले. चिडण्याचंही सांगितलं. काही जाणवलं का म्हणाल तर नाही. पण सहा तास झोपले.

ऑफिसात मुदत मागितली. महिना मागितला होता, पंधरा दिवस मिळाले. मधल्या काळात पप्पांना घेऊन दोन दिवस तिकडे जाऊन यायचं ठरवलं आहे. घर कसं मिळतं, त्यांना तिथे फिरता येतं का, ते बघायचं. नणंदही बरोबर येते आहे. तिच्याशीही मी पहिल्यांदाच नीट बोलले. ती म्हणाली, तू मला विचारलंस तेच बरं झालं, मी भावाच्या नंतर या घरात परकी झाले असं वाटत होतं.

रविवारच्या तारखेला उजव्या पानावर पहिली ओळ लिहिली. ‘पप्पांनी मूठ धरली. अर्थ कळला नाही.’ अक्षर माझंच आहे, विचित्र दिसतं त्या बाजूला.

एक विनंती. येत्या मंगळवारी सकाळी दहाला आम्ही निघतो. पप्पांचा दोन वर्षांतला पहिला मोठा प्रवास आहे. त्या वेळेला आठवण ठेवा.

ओंजळ यांचं उत्तर

ठेवते. मंडळीच्या बायकांच्या प्रार्थनेतही नाव न घेता सांगेन, चालेल ना? पप्पांना जिन्यावर नेताना त्यांच्या उजव्या, म्हणजे कमजोर बाजूला राहा. चढताना एक पायरी मागे, उतरताना एक पायरी पुढे. एकटीने ओझं उचलू नका, नणंदेला सांगा.

अर्धं पाऊल मागे यांचं उत्तर

फोनवर मंगळवारी दहाचा गजर लावला आहे. पोचलात की दोन ओळी टाका, मी ऐकत असेन.